चौकटीपेक्षा रेघ महत्त्वाची

समजा, परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातील चुडावा या गावाच्या ग्रामपंचायतीचा रचना-तक्ता संगणकावर काढून आणा, असे तुम्हाला शाळेत सांगितले. तुम्ही काय कराल? पॉवरपॉइंट उघडाल, 'इन्सर्ट'मधून 'स्मार्टआर्ट' घ्याल, त्यातल्या 'हायरार्की' गटातील 'ऑर्गनायझेशन चार्ट' निवडाल. लगेच पडद्यावर पाच चौकटी येतील : वर एक, तिच्या बाजूला मदतनिसाची एक आणि खाली तीन. वर 'सरपंच', बाजूला 'सचिव', खाली 'सदस्य' असे लिहिले, रंग भरला, की काम फत्ते!

हा तक्ता सुबक दिसेल, पण तो चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चूक चौकटींत नाही, रेघांत आहे.

वरून खाली येणाऱ्या रेघेचा अर्थ काय? वरच्याने काम सांगावे आणि खालच्याने त्याचा जबाब द्यावा. आता ही कसोटी लावून पाहू. सचिव, ज्यांना गावोगाव ग्रामसेवक म्हणत आले आहेत, ते ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळतात. पण नोकर असतात जिल्हा परिषदेचे. म्हणजे त्यांच्या चौकटीपासून दोन रेघा निघायला हव्यात. एक चुडाव्याच्या ग्रामपंचायतीकडे, दुसरी पूर्ण्याच्या गटविकास अधिकाऱ्यांमार्फत परभणीच्या जिल्हा परिषदेकडे. स्मार्टआर्टच्या साच्यात मात्र एका चौकटीला वरिष्ठ एकच! दुसरी रेघ आपण वेगळी ओढावी लागते.

सदस्यांचे पाहा. त्यांना सरपंच नेमत नाहीत, प्रभागातील मतदार निवडून देतात. सरपंचांची रेघ तर अधिकच बोधप्रद आहे. पूर्वी सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडत. महाराष्ट्रात २०१७ साली मतदारांकडून थेट निवड सुरू झाली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. चौकटी त्याच राहिल्या, रेघ मात्र तीनदा बदलली.

आणि ग्रामसभा कुठे आहे? गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत ते सारे तिचे सभासद. ग्रामपंचायतीला जमाखर्चाचा हिशेब तिच्यापुढे मांडावा लागतो. तरीही तक्त्यात तिला जागाच मिळाली नाही, कारण साच्याची वरची चौकट आपण एका माणसासाठी धरून चाललो.

मोठा तो वरच असावा, असा काही निसर्गनियम नाही. अशा तक्त्यांपैकी अगदी सुरुवातीचा एक तक्ता १८५५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे अधिकारी डॅनिअल मॅक्कॅलम यांनी तयार करवून घेतला. तो झाडासारखा होता. संचालक मंडळ तळाशी, मुळांच्या जागी, आणि लोहमार्गाच्या शाखा व त्यांवरील कर्मचारी वर पसरलेल्या फांद्यांवर! शेकडो मैल पसरलेल्या मार्गावर कोणी कोणाला कळवायचे, हे आधी ठरले. चित्र त्यानंतर आले.

म्हणून पडद्याआधी कागद घ्या. प्रत्येक चौकटीबद्दल तीन प्रश्न विचारा : याला निवडतो किंवा नेमतो कोण? पगार कोण देतो? हिशेब कोण मागतो? उत्तरे वेगवेगळी आली, तर रेघाही वेगवेगळ्या काढा; एक अखंड, एक तुटक. मग खुशाल संगणकाकडे वळा. तेथे 'टॅब' कळ दाबली, की चौकट एक पायरी खाली सरकते आणि दुरुस्तीसाठी खोडरबर लागत नाही. ही सोय मोलाचीच आहे.

शिक्षकांना विनंती एवढीच, की गुण रंगांना न देता रेघांना द्यावेत. नळाला चार दिवस पाणी आले नाही, तर कोणाचे दार ठोठवायचे, हे ज्या तक्त्यावरून कळेल तो खरा तक्ता. आपल्या गावाचा असा तक्ता काढा, आणि ग्रामसभेची चौकट विसरू नका. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव लागले, की तुम्हीही त्याच चौकटीत असाल.