विजेच्या पट्ट्याची शिस्त

कुत्र्याला ‘बस’, ‘थांब’ आणि ‘ये’ हे तीन हुकूम शिकविण्यासाठी विजेचा धक्का आवश्यक आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. माणसांचेच प्रश्न सुटत नसताना श्वानशिक्षणाची चिकित्सा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याला तक्रार करता येत नाही अशा जीवाला वेदना देण्याचा अधिकार कोणाला, किती आणि कोणत्या कारणासाठी असावा, हा या प्रश्नाचा गाभा आहे. विजेच्या पट्ट्याने कुत्रा शिकतो की नाही, यावर आजवर पुष्कळ वाद झाला. त्या पट्ट्यावाचून तो शिकत नाही काय, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

उपकरण साधे आहे. गळपट्ट्यावर बॅटरीची एक छोटी पेटी असते आणि तिच्यातून निघालेल्या धातूच्या दोन बोथट खुंट्या केसांतून कातडीला टेकतात. धन्याच्या हातातील रिमोटचे बटन दाबले की कुत्र्याच्या मानेला धक्का बसतो. तो कमीअधिक करण्याची सोय असते. काही पट्ट्यांत नुसता आवाज किंवा थरथर देण्याचीही असते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी असे पट्टे विकले जाऊ लागले. दूरवर भलत्याच जनावरामागे धावणाऱ्या कुत्र्याला आवरणे हा त्यांचा हेतू होता. पुढे तेच उपकरण घरगुती कुत्र्याच्या प्राथमिक शिक्षणात शिरले. तेथील एक प्रचलित पद्धत अशी की, हुकूम देताच सौम्य धक्का सुरू करावयाचा आणि कुत्रा बसला की तो बंद करावयाचा. कुत्रा बसतो खरा, पण मानेवरचा त्रास थांबावा म्हणून बसतो.

पट्ट्याच्या समर्थकांना निर्दय ठरवून निकालात काढणे अन्यायाचे होईल. कमी तीव्रतेचा धक्का म्हणजे खांद्यावर बोट टेकविण्यासारखा इशारा आहे, असे ते सांगतात. कुत्रा मेंढ्यांच्या कळपात घुसला किंवा रस्त्यावर धावला, तर त्याचा जीवच जाऊ शकतो; त्यापेक्षा क्षणाचा धक्का बरा, हा त्यांचा युक्तिवाद आहे. ब्रिटनमधील १९७१च्या कायद्याने मेंढ्यांवर तुटून पडलेल्या कुत्र्याला विशिष्ट परिस्थितीत गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला संरक्षण दिले आहे, हे लक्षात घेता या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणवत नाही. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, पळत्या वस्तूचा पाठलाग थांबविण्यास खाऊपेक्षा पट्टा अधिक लवकर उपयोगी पडला. पट्टा लावलेली कुत्री धक्क्याने केकाटल्याची नोंदही त्याच अभ्यासात आहे. तो निष्कर्ष दृष्टिआड करण्याचे कारण नाही. तथापि तो पाठलागापुरता आहे, आणि दिवाणखान्यात ‘बस’ म्हटल्यावर बसणे हा पाठलाग नव्हे.

प्राथमिक आज्ञांच्या बाबतीत पुरावा वेगळे सांगतो. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला पट्टा उत्पादकांच्या संघटनेने सुचविलेल्या प्रशिक्षकांनी पट्टा वापरून शिकविले. दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्यावाचून. तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. २०१४ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पट्ट्याचा कोणताही विशेष लाभ आढळला नाही. उलट, ‘ये’ आणि ‘बस’ या आज्ञा पाळण्यात बक्षिसाने शिकलेली कुत्री सरस ठरली. हे पट्टे चालविणारे हात अडाण्याचे नव्हते, खुद्द उत्पादकांच्या पसंतीचे होते. तज्ज्ञांच्या हाती जे साधले नाही, ते पुस्तिका वाचून बटन दाबणाऱ्या सामान्य मालकाच्या हाती कसे साधावे?

कारण या शिक्षणात सारे काही वेळेवर अवलंबून असते. धक्का क्षणभर उशिरा बसला आणि तेवढ्यात शेजारचे मूल समोरून गेले, तर कुत्रा त्या मुलाला भिण्यास शिकतो. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. जर्मनीत १४ बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात, धक्का कशामुळे बसतो हे ज्यांना नेमके उमगत होते त्यांच्या शरीरात ताणाचे लक्षण असलेले कॉर्टिसॉल कमी वाढले. ज्यांना तो केव्हाही बसे त्यांच्यात ते फार वाढले. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिक बोलका आहे. पट्ट्याने शिकविलेली रखवालीची कुत्री, प्रशिक्षण चालू नसताना नुसती फिरावयास नेली तरी, कान पाडून आणि अंग चोरून चालत. धन्याचे सान्निध्य आणि त्याचा हुकूम हीच त्यांच्या लेखी वेदनेची पूर्वसूचना होऊन बसली होती. आज्ञापालनासाठी ज्या विश्वासाची गरज, त्यालाच येथे तडा जातो.

या संदर्भात वेल्सचे उदाहरण मननीय आहे. मेंढपाळीवर जगणाऱ्या या डोंगराळ प्रदेशाने २०१० साली कुत्र्यामांजरांवर असे पट्टे वापरण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये असे करणारा तो पहिला प्रदेश होय. उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली, ती त्याच वर्षी व्यर्थ ठरली. मेंढ्यांच्या रक्षणासाठी पट्टा हवा म्हणावे, तर तो वेल्सलाच सर्वांत आधी हवा होता. परंतु याच वेल्समधील बाला गावी १८७३ साली मेंढपाळी कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली नोंदलेली स्पर्धा भरली होती. दूर टेकडीवरच्या कुत्र्याला नुसत्या शिटीने आणि हाकेने डावी-उजवीकडे वळविण्याची विद्या तेथे तेव्हापासून प्रतिष्ठित आहे. जर्मनीत २००६ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने असे पट्टे प्रशिक्षणासाठी निषिद्ध ठरविले. इंग्लंडने मात्र २०१८ मध्ये बंदीची घोषणा केली, १ फेब्रुवारी २०२४ ही तारीखही ठरविली, आणि ती तारीख कायद्यावाचूनच निघून गेली.

भारतात हे पट्टे आज घरपोच मिळतात. आपला प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६०चा. त्याच्या अकराव्या कलमात जनावरास मारणे, लाथाडणे, अनावश्यक यातना देणे हे गुन्हे आहेत. विजेच्या पट्ट्याचा त्यात नावाने उल्लेख नाही. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये! एवढ्याशा रकमेने कोणाचे बटनावरचे बोट थांबावे? अनावश्यक यातना कशास म्हणावे, हेही प्रत्येक मालकाच्या मनावर सोडून चालणार नाही. जेथे दुसरा मार्ग तितकाच, किंबहुना अधिक फलदायी आहे, तेथे दिलेली वेदना अनावश्यकच ठरते.

छडीवाचून विद्या येत नाही, अशी आपल्याकडे मुलांच्या बाबतीतही पिढ्यान्‌पिढ्या दृढ समजूत होती. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा निषिद्ध ठरविली, तेव्हा शिस्त बुडाली अशी ओरड कमी झाली नाही. छडी मारणाऱ्याला निदान मुलाचा चेहरा दिसत असे. पट्ट्याचे बटन पाठ फिरवूनही दाबता येते. मालकाच्या सोयीखेरीज या उपकरणाचे फारसे समर्थन उरत नाही. सोय स्वस्त आहे, कारण तिची किंमत दुसरा मोजतो.

तेव्हा केंद्र शासनाने या अधिनियमाखाली नियम करून प्राथमिक शिक्षणासाठी विजेच्या पट्ट्याचा वापर व त्याची सरसकट विक्री थांबवावी, हे उचित होईल. पशुवैद्यांनी आणि प्राणिकल्याण मंडळाने त्यासाठी आग्रह धरावा. आणि तोवर मालकांनी इतके तरी करावे की, खिशात थोडा खाऊ, रोजची पंधरा मिनिटे आणि जिभेवर एकच ठाम शब्द ठेवावा. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने पट्टा घेण्यापूर्वी कुत्रा पाळण्याचाच फेरविचार करावा.