वाटाड्याची वायर

या सदराच्या वाचकांना माझी मोटारसायकल एव्हाना घरच्यासारखी झाली असेल. तिच्यावरून मी पडलो, तिच्यापायी घरात बोलणी खाल्ली, आणि दोन्हींचे मानधन याच पानावर मिळवले. तेव्हा दिवाळी अंकात तिला विसरणे कृतघ्नपणाचे झाले असते.

गोष्ट भाऊबीजेची आहे. माझी ताई श्रीवर्धनला असते आणि आम्ही पुण्यात. ताम्हिणी घाट उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळे असे गेले की श्रीवर्धन येते. रस्ता काही अवघड नाही, असे मी गेल्या वर्षी सौभाग्यवतीला निघताना बजावून सांगितले होते. म्हसळ्यापर्यंत तो खरोखरीच अवघड नव्हता. तिथे अंधार पडला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने भलताच रस्ता धरला. बऱ्याच वेळाने रस्ता संपला. पुढे पाणी होते. ती दिघी निघाली. पलीकडे आगरदांड्याचे दिवे दिसत होते आणि इकडे मी हेल्मेट काढून डोके खाजवीत उभा होतो. ताईकडे पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. निरांजनात तिने तीनदा तेल घातले होते आणि स्वतः पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

म्हणून या वर्षी मी सॅटनॅव्ह आणला. हँडलवर बसवायचे, उपग्रहांवरून वाट दाखवणारे ते यंत्र. आमच्या घरात त्याचे नाव ‘वाटाड्या’ पडले. आईने चष्मा लावून त्याला नीट न्याहाळले आणि विचारले, “काय रे, आकाशातल्या उपग्रहाला आपल्या ताईचे घर कसे ठाऊक?”

“त्याला काहीच ठाऊक नसते,” मी म्हणालो. “तो सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतो आणि आपण कुठे आहोत व किती वाजले एवढेच सारखे सांगत राहतो. निदान चार उपग्रहांचे सांगणे ऐकून, कोणाचा निरोप किती उशिराने आला यावरून हे यंत्र आपली जागा काढते. नकाशा याच्याच पोटात असतो.”

“म्हणजे घड्याळच की,” आई म्हणाली. मी होय म्हटले. त्याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

आता वाटाड्याला खायला घालायचे कसे, हा प्रश्न होता. त्याच्या पोटातली बॅटरी दोन-तीन तासांची. त्याला लागतो 5 व्होल्टचा करंट आणि मोटारसायकलची बॅटरी 12 व्होल्टची. मधे एक डबी बसवावी लागते. ती 12 चे 5 करते. डबीच्या दोन वायरी, एक तांबडी, एक काळी. बॅटरीलाही दोनच टोके, एक धन, एक ऋण. यात मिस्त्री कशाला हवा? वसुबारसेच्या संध्याकाळी मी सीट उघडली, तांबडी धनाला लावली, काळी ऋणाला लावली. वाटाड्या झळकला. शेजारचे बिऱ्हाडही पाहून गेले.

नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान करून चकल्यांसाठी लोणी आणायला निघालो, किल्ली फिरवली आणि बटण दाबले. गाडीने नुसते ‘टक्’ केले. दिवासुद्धा लागेना. किक मारावी तर माझ्या गाडीला किकच नाही. चिरंजीवांनी मागून ढकलले, शेजाऱ्यांनी ढकलले, आणि अशा वरातीने आम्ही गल्लीच्या टोकाला असलेल्या मिस्त्रींच्या गॅरेजात पोचलो.

मिस्त्री वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी सीट उघडली, माझी कारागिरी पाहिली आणि मल्टिमीटर लावला. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबाराच्या थोडी वर दाखवते. माझी आठावर आली होती.

“साहेब, गाडी बंद केल्यावर हे यंत्र कोण बंद करतो?”

मी गप्प राहिलो. हिशेब शाळकरी होता. यंत्र आणि डबी मिळून सुमारे अर्धा अँपियर खात होती. बॅटरी 8 अँपियर-तासांची. सोळा तासांत खलास! मी तर तिला दोन रात्री तशीच ठेवली होती.

“आणि फ्यूज कुठे आहे?”

तोही नव्हता. या वेळी मात्र मिस्त्री हसले नाहीत. “ही वायर टाकीखालून जाते,” ते म्हणाले. “घासून हिचे तांबे उघडे पडले आणि लोखंडाला लागले, तर बॅटरी आपला सगळा करंट हिच्यात ओतेल. वायर तापून लाल होईल. वर पेट्रोल आहे. बॅटरी मेली हे तुमचे नशीब समजा.”

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लागली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मिस्त्रींनी काम हाती घेतले. मी स्टुलावर बसून शिकत होतो. आधी त्यांनी बॅटरीचे ऋण टोक सोडले. धनाचा पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडू नये म्हणून ते आधी सुटते आणि शेवटी जोडले जाते. मग धनापासून चार बोटांवर 2 अँपियरचा फ्यूज बसवला. “फ्यूज वाटाड्यासाठी नव्हे, वायरीसाठी,” ते म्हणाले. “म्हणून तो बॅटरीला चिकटून हवा. पुढे हँडलपाशी बसवला तर मागच्या सगळ्या वायरीला वाली कोण?”

त्यानंतर रिले आला. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची ती डबी म्हणजे करंटने चालणारा दरवान. मागच्या दिव्याची वायर किल्ली फिरवली की जिवंत होते, बंद केली की मरते. तिच्यातून चिमूटभर करंट रिलेच्या गुंडाळीला दिला. गुंडाळी जागी झाली की आतला दरवाजा मिटतो आणि बॅटरीचा करंट फ्यूजमधून थेट डबीकडे जातो. किल्ली काढली की दरवान झोपला आणि वाटाड्याही झोपला. दिव्याच्या वायरीवर भार नाही आणि बॅटरीला रात्रीचा उपास नाही.

शेवटी हँडलच्या मानेपाशी त्यांनी वायरीचा एक सैल वेढा सोडला, हँडल डावीउजवीकडे पुरते वळवून पाहिले आणि फ्यूजच्या घराला एक जादा फ्यूज टेपने चिकटवला. पैसे घेताना म्हणाले, “वेढ्याला हात लावू नका.”

वाचकहो, मी हात लावला. तो वेढा बाहेर लोंबत होता आणि फार गबाळा दिसत होता. पाडव्याच्या दिवशी, सौभाग्यवती पाटाभोवती रांगोळी काढीत असताना, मी तो ओढून प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधला. गाडी कशी देखणी दिसू लागली!

भाऊबीजेला दुपारी निघालो. पौड गेले, मुळशीचे पाणी उजव्या अंगाला चमकून गेले. घाटात मोबाइलला रेंज नव्हती, पण वाटाड्याला तिची गरज नसते. तो खुशाल बाण दाखवीत होता. दिवस मावळता मावळता एका तीव्र वळणावर मी हँडल पुरते वळवले आणि वाटाड्या विझला.

इंजिन चालू होते. पुढचा दिवा लख्ख होता. मी कडेला थांबलो आणि मोबाइलच्या उजेडात पाहिले. ताणलेली वायर मानेच्या लोखंडी कडेवर घासून सोलली होती आणि आतले तांबे चमकत होते. मागे सीटखाली फ्यूज जळून काळा झाला होता. एका बाजूला दरी, एका बाजूला कडा, बरोबर टाकीभर पेट्रोल. आणि त्या सगळ्याच्या मधे पाच-दहा रुपयांची ती चिमुकली पट्टी माझ्या वाटणीचे मरण मरून मोकळी झाली होती. मिस्त्रींचे वाक्य आठवले आणि थंडी नसताना अंगावर काटा आला.

पट्टी कापली, वेढा पुन्हा सैल सोडला, जखमेवर टेप गुंडाळली, चिकटवलेला फ्यूज काढून बसवला. किल्ली फिरवली. वाटाड्या उजळला, क्षणभर आकाशाकडे कान लावून बसला आणि पुन्हा वाट सांगू लागला. म्हसळ्याच्या फाट्यावर मी मुद्दाम गाडी उभी केली, दिघीच्या रस्त्याला लांबून नमस्कार केला आणि श्रीवर्धनकडे वळलो.

ताई ओटीवर उभी होती. दारातल्या पणत्या नुकत्याच लावलेल्या दिसत होत्या. तिने माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिले, मग आतल्या घड्याळाकडे पाहिले.

“साडेसात,” ती म्हणाली. “हात धू आधी. पाट मांडलाय.”

परतल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “काय हो, वाटेत काही त्रास नाही ना झाला?” मी नाही म्हणालो. हा लेख छापून येईपर्यंत ते उत्तर टिकेल. मिस्त्रींकडे मात्र मी दुसऱ्याच दिवशी गेलो, जळका फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला आणि खरे सांगितले. त्यांनी खण उघडला आणि नवा जादा फ्यूज काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

“हाही टेपने चिकटवून ठेवा,” ते म्हणाले. “पुढची भाऊबीज आहेच.”