टोकियोत एक दिवस ट्रामचा

जपानच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा, टोकियोच्या रकान्यात तीच नावं: आसाकुसाचं देऊळ, स्कायट्री, शिबुयाचा चौक. ठिकाणं पाहण्यासारखीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उरलेला ‘फ्री डे’ मॉलमध्ये घालवण्याबद्दल. त्या दिवशी आराकावा लाइनची ट्राम पकडावी.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. टोकियोनेही १९६७ ते १९७२ या काळात मोटारींसाठी आपलं ट्रामचं जाळं जवळपास सगळं गुंडाळलं. ही एक वाचली, कारण तिचे बहुतेक रूळ रस्त्यावर नव्हतेच, शिवाय आसपासच्या रहिवाशांनाही ती हवी होती. मिनोवाबाशी ते वासेदा, १२.२ किलोमीटर, ३० थांबे. एकच डबा घंटी वाजवत लोकांच्या परसदारातून जातो. मे महिन्यात रुळांच्या कडेला गुलाब फुललेले असतात.

वाटेतल्या आसुकायामाला टेकडी म्हणायचं ते कौतुकानेच. पर्वती चढणाऱ्या पुणेकराला ती उंबरठा वाटेल. पण अठराव्या शतकात शोगुन योशिमुने याने इथे चेरीची झाडं लावून सामान्य माणसाला बहराखाली बसायला जागा करून दिली. आता वर जायला चिमुकली मोनोरेलही आहे, तीही फुकट.

कोशिनझुका थांब्यावर उतरलं की सुगामोची पेठ लागते. फॅशनची पेठ हाराजुकू तरुणांची, तसं हे आजीबाईंचं हाराजुकू! लालभडक अंतर्वस्त्रांचं दुकान इथे जोरात चालतं, कारण लाल रंग अंगाला ऊब आणि बळ देतो अशी समजूत. कोगानजी मंदिरात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या दगडी मूर्तीपुढे रांग असते. आपला गुडघा दुखत असेल, तर मूर्तीवर पाणी घालायचं आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने तिचा गुडघा पुसायचा. पूर्वी भाविक काथ्याच्या ब्रशने घासत. त्यात मूर्ती इतकी झिजली, की १९९२ मध्ये नवी बसवावी लागली आणि ब्रशची जागा रुमालाने घेतली.

मराठी प्रवाशाने मात्र किशिबोजिनमाए हा थांबा चुकवू नये. झोशिगायाच्या देवळातली ही किशिमोजिन म्हणजे आपली हारिती. दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचंच धाकटं पोर लपवलं तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पती पांचिकाशेजारी मूल घेऊन बसली आहे, आसनाखाली छडीवाले गुरुजी आणि दंगा करणारी पोरं कोरली आहेत. टोकियोत तिच्याकडे बाळंतपण सुखरूप व्हावं, मुलं धडधाकट राहावीत म्हणून नवस बोलतात. आवारात १७८१ पासूनचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान आहे. मुलांच्या देवीच्या दारात दुसरं काय असणार! वेरूळ-अजिंठा दाखवणाऱ्या आपल्याच सहल कंपन्यांना टोकियोतलं हे देऊळ सुचत नाही, हे नवल.

जायला अवघड काहीच नाही. जेआरच्या यामानोते लाइनने ओत्सुकाला उतरावं; ट्राम स्टेशनच्या खालूनच जाते. दिवसभराचा पास गाडीतच मिळतो. सुगामोची जत्रा ४, १४ आणि २४ तारखेला भरते, तेव्हा ‘फ्री डे’ त्या तारखेला मिळतो का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.