पंधरा वॅट पुष्कळ झाले

ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना खटका दाबल्यापासून आवाज उमटेपर्यंतचा तो खोळंबा आणि पाठीमागच्या फटींतून दिसणारा तांबूस उजेड अद्याप आठवत असेल. ट्रान्झिस्टर आला आणि ते काचेचे व्हॉल्व्ह घरोघरच्या अडगळीत गेले. परंतु विद्युत्-गिटार वाजविणाऱ्यांनी त्यांची साथ आजतागायत सोडलेली नाही, आणि या निष्ठेमागे केवळ गतकाळाचा मोह नसून श्रवणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. कुवतीबाहेर भार पडू लागला म्हणजे व्हॉल्व्ह ध्वनिलहरींची शिखरे एकाएकी छाटून टाकीत नाही, ती क्रमाक्रमाने दबत जातात. त्यामुळे स्वराला एक प्रकारचा दाटपणा येतो, आणि तार हलकेच छेडली तर निर्मळ, जोराने छेडली तर खरखरीत, असा बोटांच्या हुकमतीत राहणारा नाद वादकास लाभतो.

म्हणूनच पुण्या-मुंबईचे होतकरू वादक काटकसरीने पैसे साठवून व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक, म्हणजे ‘ट्यूब अ‍ॅम्प’ घ्यावयास निघतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. खटकते ती त्यांची निवड. वॅटचा आकडा जितका मोठा तितका माल सरस, या समजुतीने ते 50 किंवा 100 वॅटच्या अ‍ॅम्पकडे ओढले जातात. वस्तुतः 15 वॅटच्या जागी 30 वॅट घेतल्याने पडणारी भर अवघी 3 डेसिबलची असते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयाचा, तर शक्ती सुमारे दसपट लागते. उलट, दर वॅटमागे 3 डेसिबल अधिक देणारा स्पीकर त्याच पेटीत बसविला, तर एकही व्हॉल्व्ह न वाढविता तेवढीच भर पदरात पडते. सबब वॅटसाठी काढून ठेवलेले पैसे स्पीकरवर खर्चावेत, असा माझा आग्रह आहे.

शंभर वॅटची प्रथा पडली, तिला त्या काळी सबळ कारण होते. 1965 च्या सुमारास लंडनच्या जिम मार्शल यांनी ‘द हू’ या वाद्यवृंदासाठी एवढे बलाढ्य अ‍ॅम्प बांधले, तेव्हा सभागृहातील ध्वनिक्षेपणाची तजवीज मुख्यतः गायकांपुरती असे, आणि गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी सर्वस्वी अ‍ॅम्पवर येई. आज अ‍ॅम्पपुढे मायक्रोफोन ठेवला की ती जबाबदारी ध्वनिक्षेपकाकडे जाते. ध्वनिमुद्रणात तर मोठेपणाचे महत्त्व त्याहूनही कमी. गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी 1970 साली मायामीत ‘लेला’ हे गीत मुद्रित केले, ते फेंडरच्या चॅम्प या चिमुकल्या अ‍ॅम्पवर. शिवाय तो दाट नाद व्हॉल्व्हवर कुवतीबाहेर भार पडल्यावाचून निघत नाही, आणि 100 वॅटचा अ‍ॅम्प त्या अवस्थेपर्यंत नेणे सदनिकेत तर सोडाच, लहान सभागृहातही श्रोत्यांना सोसवणारे नाही.

केवळ घरी रियाज करावयाचा असेल, तर एकाच शक्ती-व्हॉल्व्हचा 5 वॅटचा अ‍ॅम्प उत्तम. मात्र ड्रमवादक शेजारी बसला की त्याचा निर्मळ स्वर अपुरा पडतो. घर आणि रंगमंच दोन्ही एकाच वस्तूने सांभाळावयाचे असतील, तर दोन ‘ईएल 84’ व्हॉल्व्ह, 12 इंची स्पीकर आणि मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज आटोक्यात ठेवणारी कळ) असलेल्या 15 वॅटच्या अ‍ॅम्पची मी निःशंकपणे शिफारस करीन. फेंडरचा ब्लूज ज्युनियर आणि व्हॉक्सचा एसी 15 हे त्याचे दाखले. हेच ‘ईएल 84’ एके काळी आपल्या बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार होत. आज नवे व्हॉल्व्ह बहुतांशी स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. वापराने ते झिजतात, तेव्हा बदलण्याचा खर्च खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावा.

अमेरिकेतील आप्ताकडून अ‍ॅम्प मागविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की तिकडील घरगुती वीज 120 व्होल्टची असते. आपल्या 230 व्होल्टवर तो थेट जोडल्यास त्याची राख होईल. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही चालवू नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. पेटीच्या आत शेकडो व्होल्ट खेळत असतात आणि खटका बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. म्हणून ती उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

दुकानात जाल तेव्हा आपली स्वतःची गिटार बरोबर न्या, आवाजाची कळ अर्ध्यापलीकडे फिरवून निदान पंधरा मिनिटे वाजवून पाहा, आणि तसे वाजवू देण्यास दुकानदार राजी नसेल तर तेथे खरेदी करू नका.