उकिरड्याचा मालक कोण?

प्रत्येक शहरात, प्रत्येक नव्या वसाहतीत एक तरी असा प्लॉट असतोच. मालक परगावी, कुंपण मोडलेले, आत कमरेइतके गाजरगवत आणि त्यावर आसपासच्या रहिवाशांनी मनोभावे वाहिलेल्या कॅरीबॅगा. तक्रार केली की महापालिका म्हणते, जागा खासगी आहे; मालक म्हणतो, कचरा माझा नाही. दोघेही खरेच बोलतात आणि तिथेच घोडे अडते.

कायदा मात्र इतका हतबल नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार आयुक्त मालकाला नोटीस देऊन जागा साफ करायला लावू शकतात. त्याने दाद दिली नाही तर काम करून घेऊन खर्च वसूल करू शकतात. पण नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. मालमत्ता कराच्या बिलाला तोच मालक बिनचूक कसा सापडतो? मग सफाईचा खर्चही त्या बिलातच चढवावा. डेंग्यूच्या एडिस डासाला करवंटीभर पाणी आणि आठ-दहा दिवस पुरतात. नोटिशीची मुदत त्याहून लांब असणे म्हणजे थट्टाच.

एकट्या मालकाला झोडपणेही अन्यायाचे. रात्री पिशवी भिरकावणारा बहुधा शेजारीच असतो. घंटागाडी चुकली, हे त्याचे ठरलेले उत्तर. तेव्हा गाडी वेळेवर यावी आणि तरीही फेकणाऱ्याला दंड व्हावा. पालिकेने पावसाळ्यापूर्वी अशा भूखंडांची प्रभागवार यादी मालकांच्या नावांसह जाहीर करावी.