अरुंद धमनी आणि आधीच ठरवून टाकलेला प्रवाह

हृदयाच्या धमनीत मेद साचून वाट अरुंद झाली, की तिथला रक्तप्रवाह आता सीटी स्कॅनवरून संगणकावर उभा करता येतो. स्टेंट घालायचा की नाही, हे ठरवतानाही अशा आकडेमोडीचा आधार घेतला जातो. म्हणून तिच्यामागचं टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे खवळलेल्या प्रवाहासाठी वापरलेली सोपी समीकरणं, कोणतं, याची काळजी अभियंत्यांइतकीच डॉक्टरांनीही करायला हवी.

व्यास निम्मा झाला की वेग चौपट होतो आणि रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह खवळण्याकडे किती झुकतो ते दाखवणारं माप, दुप्पट. अरुंद भागातून सुटलेली धार भिंतीपासून वेगळी होते, तिच्याभोवती उलटे भोवरे फिरतात आणि थोडं पुढे जाऊन ती फुटते. ती कुठे फुटेल, हाच खरा प्रश्न. सर्रास वापरलं जाणारं के-एप्सिलॉन मॉडेल त्याचं उत्तर देऊच शकत नाही, कारण प्रवाह सगळीकडे पूर्ण प्रक्षुब्ध आहे, असं त्यात आधीच धरलेलं असतं. मेंटर यांचं 1994 चं एसएसटी मॉडेल प्रवाह भिंत कुठे सोडतो हे बरंच चांगलं टिपतं. पण संथ प्रवाह कुठे खवळतो, हे मूळ रूपात तेही विश्वासाने सांगत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा सिम्युलेशनांची परीक्षाच घेतली. 12 मिलिमीटरची नळी, तिच्यात 4 मिलिमीटरचा अरुंद घसा, घशातला रेनॉल्ड्स अंक 500 ते 6500. आकार सर्वांना एकच, द्रवाचे गुणधर्मही तेच. जगभरातून 28 सिम्युलेशनं आली आणि त्यांत मोठी तफावत निघाली. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं, तरीही मॉडेलचं नाव एका ओळीत उरकणारे अहवाल लिहिले जातातच.

प्रवाहाचं खवळणं किती नाजूक असतं, हे त्याआधीच दिसलं होतं. 2007 मध्ये संशोधक वर्गीस आणि सहकाऱ्यांनी कोणतंही मॉडेल न घेता मूळ समीकरणंच सोडवली. 75 टक्के क्षेत्र बुजलेली, पूर्ण सममित नळी, रेनॉल्ड्स अंक 1000: स्थिर प्रवाह संथच राहिला. घसा नळीच्या व्यासाच्या अवघा 5 टक्के बाजूला सरकवताच पुढे प्रवाह खवळला. खऱ्या धमनीत तर सममिती नसतेच.

दाबातली घट मोजमापाशी जुळली म्हणून मॉडेल बरोबर, हे मानणं मला सर्वांत घातक वाटतं. दोन चुका एकमेकींना झाकूनही तो आकडा जुळू शकतो आणि भिंतीवरचा घर्षणताण मात्र पार चुकलेला असतो. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी पद्धत महाग आहे, हे मान्य. मग निदान दोन मॉडेलांची उत्तरं शेजारी ठेवावीत, त्यांतला फरक डॉक्टरांपुढे मांडावा. त्या 4 मिलिमीटरच्या घशातल्या प्रवाहाची प्रत्यक्ष मोजमापं सर्वांना खुली आहेत. रुग्णाच्या धमनीला हात घालण्याआधी आपलं सिम्युलेशन त्यांवर चालवून पाहावं.