शोधनिबंध आणि दोन मालेगावे

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ‘माझे गाव मालेगाव’ या विषयावर शोधनिबंध लिहून आणला. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, समास रंगीत रेघांनी आखलेला, मुखपृष्ठावर सुबक चित्र. मोठ्या कौतुकाने वाचू लागलो, तो आपले गाव मोसम नदीच्या काठी वसलेले आहे, येथे नारोशंकरांनी १७४० साली बांधलेला भुईकोट किल्ला आहे, आणि यंत्रमागांचा खडखडाट येथे रात्रंदिवस चालू असतो, असा वृत्तांत दृष्टीस पडला! हे सारे वर्णन खरे आहे. पण ते नाशिक जिल्ह्यातील मालेगावाचे आहे. वाशीम-अकोला रस्त्यावरील आपल्या या मालेगावी ना मोसम नदी, ना तो किल्ला. मुलाने नाव पाहिले, उतारा उतरवून घेतला, आणि ज्या गावातून तो रोज शाळेत चालत येतो त्या गावाकडे एकदा मान वर करून पाहिलेही नाही.

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्याच्या आदल्या वर्षी असाच एक सुंदर निबंध माझ्यापुढे आला होता, व तो कोठून उतरविला आहे याची यत्किंचितही चौकशी न करता मी त्यास भरपूर गुण दिले होते. मुलांस नक्कल करण्याची गोडी लागते ती आम्ही शिक्षकांनी नकलेचे कौतुक केल्यामुळेच, हे कबूल करून मगच पुढे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

कित्येकांचा असा समज आहे की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून शोध तो काय लागणार? त्याने चार पुस्तके चाळून माहिती जमविली म्हणजे पुष्कळ झाले. हे मत मला मान्य नाही. माहिती जमविणे व शोध करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नाही असा प्रश्न घ्यावा, त्याचे उत्तर पुराव्याने काढावे, आणि तो पुरावा दुसऱ्यास तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडावा, यास शोध म्हणतात. प्रश्न लहान असला तरी चालेल. पण तो आपला असला पाहिजे.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली तेथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा भाग प्राकृतात आहे. आणि त्यात या राजाचा पिता सर्वसेन याचे नाव स्वच्छ कोरलेले आहे. आता अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचाच एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात तो प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी व पुढे ब्यूलर या जर्मन पंडिताने वाचला होता. दोघेही थोर विद्वान. परंतु लेख झिजलेला असल्यामुळे कित्येक राजांची नावे नीट लागत नव्हती. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाशीमचा ताम्रपट हाताशी ठेवून तो लेख पुन्हा तपासला, तेव्हा तेथेही सर्वसेन हेच नाव असल्याचे त्यांस आढळले. त्यांचे हे नवे वाचन १९४१ साली प्रसिद्ध झाले, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथे राज्य करीत होती ही गोष्ट निश्चित झाली.

विद्यार्थीमित्रहो, यातील मर्म ध्यानी घ्या. आधीच्या पंडितांची चूक झाली, पण त्यांस कोणी हसले नाही. आपण काय वाचले व कोठे वाचले हे त्यांनी छापून ठेवले होते, म्हणूनच मागून येणाऱ्यास ते तपासता आले व सुधारता आले. चूक होणे हा संशोधनात दोष नव्हे. चूक सापडू नये अशा रीतीने लिहिणे हा दोष आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सहा आठवड्यांची मुदत असेल, तर पहिला आठवडा केवळ प्रश्न ठरविण्यास द्यावा. ‘माझे गाव’ हा प्रश्न नव्हे, तो विषय आहे. व तोही इतका अफाट की त्यात कोणीही बुडावे. ‘आमच्या शेतात ज्वारी व कापूस यांची जागा सोयाबीनने केव्हा व का घेतली?’ हा प्रश्न होय. ‘आमच्या गल्लीतील विहिरींपैकी किती आज वापरात आहेत?’ हाही प्रश्न होय. प्रश्न एका वाक्यात मावत नसेल, तर तो अजून पिकला नाही असे समजावे.

पुढील दोन आठवडे साधने गोळा करण्याचे. पुस्तक हे एक साधन, पण एकमेव नव्हे. घरातील आजी-आजोबा हे साधन. शेताचा सातबारा हे तर उत्तम साधन. त्यातील गाव नमुना बारामध्ये कोणत्या वर्षी कोणते पीक होते याची नोंद असते. जुन्या सरकारी पुस्तकांत शोध घेताना मात्र एक खूणगाठ बांधावी. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून १९९१ च्या जनगणनेत आपला तालुका पाहावयाचा तर अकोला जिल्ह्याखाली पाहावा, आणि २००१ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याखाली. त्याहून मागे गेल्यास १९०५ पूर्वी बाशीम या नावाचा जिल्हा होताच, असे आढळेल. ज्यास हे ठाऊक नाही तो ‘माहिती मिळत नाही’ म्हणून हात टेकतो; माहिती तर दुसऱ्या नावाखाली निमूटपणे बसलेली असते.

जे मिळेल ते लहान लहान चिठ्ठ्यांवर टिपावे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. खाली पुस्तकाचे नाव, पान व तारीख, अथवा सांगणाऱ्याचे नाते व वय. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्यांस तेथल्या तेथे अवतरणचिन्हे द्यावीत. नाही तर महिन्याभराने ते शब्द आपलेच वाटू लागतात. चौथ्या आठवड्यात या चिठ्ठ्या जमिनीवर पसराव्या, एकमेकींशी जुळणाऱ्यांचे गठ्ठे करावे, व त्या गठ्ठ्यांवरून निबंधाचा आराखडा सिद्ध करावा. पाचव्यात कच्चा मजकूर लिहावा. मग तो चार दिवस पेटीत ठेवून सहाव्यात घरच्यांपुढे मोठ्याने वाचावा. ऐकणारा जेथे ‘हे कशावरून?’ असे विचारील, तेथे पुरावा दुबळा आहे हे निश्चित.

पालकजनांसही दोन शब्द. मुलांवरील प्रेमाने आपण रात्र रात्र जागता, बाजारातून तयार निबंध आणून देता, किंवा भ्रमणध्वनीवर दोन शब्द टाकून पाने छापून घेता. विनंती करताच सबंध निबंध लिहून देणारी यंत्रेही आता निघाली आहेत. परंतु तुमच्या शेताच्या बांधावर कोणती बाभूळ कोणत्या साली तोडली, हे त्या यंत्रास कोण सांगणार? ते ठाऊक आहे तुम्हांला. मुलास निबंध देऊ नका; त्याच्या प्रश्नास उत्तर द्या, आणि आठवत नसेल तेथे ‘आठवत नाही’ असे निःसंकोच सांगा. हे साह्य लाखमोलाचे होय.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी करतो. त्यास मी रागे भरलो नाही. नवा निबंध लिहावयास सांगितले. त्याने आपल्याच शेतातील सोयाबीनचा प्रश्न घेतला. या खेपेस रंगीत रेघा नव्हत्या. पाने अवघी सहा, आणि खाडाखोडही बरीच. परंतु पाचव्या पानावर पुढील अर्थाचा मजकूर होता: आजी म्हणते, धाकट्या काकांच्या लग्नाच्या साली आम्ही सोयाबीन प्रथम पेरले, सातबाऱ्यावर मात्र त्याची नोंद तीन वर्षांनी दिसते. आजी विसरली असेल, अथवा नोंद उशिरा झाली असेल. यांपैकी खरे कोणते, हे मला ठरविता आले नाही.

ते वाक्य मी दोनदा वाचले. ज्या मुलाने सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या गावची नदी आपल्या गावातून वाहविली होती, तोच आज आपल्यास काय कळले व काय कळले नाही यांमधील सीमारेषा स्वच्छ आखून दाखवीत होता. उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण पुष्कळ मार्गांनी मिळतात. ही रेषा आखण्याचे धैर्य केवळ स्वतः शोध केल्यानेच अंगी येते. पुढे हा मुलगा शेतकरी होवो, वैद्य होवो, की न्यायासनावर बसो, त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील तो याच गुणामुळे. शोधनिबंध शाळेत लिहावयाचा, तो याचसाठी.